गरोदरपणातील रक्तदाब
गरोदरपणाच्या 20 आठवड्यांनंतर रक्तदाब पुन्हा मोजूनही 140/90 किंवा त्याहून वर भरला, तर उपचार लांबवू नयेत. बाईला बहुधा काहीच जाणवत नाही, म्हणून वेळोवेळी मोजणे आवश्यक. पायांच्या सुजेवरून कळेलच, असे म्हणतात. पण सूज निरोगी गरोदर बाईलाही येते. मीठ तोडल्यानेही हा आजार टळत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेची सरकारी तपासणी (2016 पासून) उपयोगी, पण दाब मधल्या आठवड्यांतही चढतो. नांदेड जिल्ह्यातील मुखेड-कंधारकडची बाई तेव्हा ऊसतोडीच्या फडावर असू शकते. 160/110 किंवा डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असल्यास नांदेडचे विष्णुपुरी किंवा लातूरचे शासकीय रुग्णालय तातडीने गाठावे. या आजारात येऊ शकणारे झटके रोखायला तिथे मॅग्नेशियम सल्फेट देतात. झटके बाळंतपणानंतरही येतात.