कॉलेजकडून कुस्ती खेळायचीय? वय, वजन, कागदपत्रं आणि पदकाचं गणित, सगळं एका ठिकाणी

बीड : जत्रेच्या फडात कुस्ती जोडताना वस्ताद दोघांना शेजारी उभं करतात, अंगलट बघतात, इनाम ठरतं आणि हलगी वाजायला लागते. तिथं जन्मतारीख कोणी विचारत नाही. कॉलेजच्या कुस्तीत मात्र मॅटवर पाय ठेवायच्या आधी कागद तपासले जातात आणि वजन घेतलं जातं. तालमीत कोणाला न हटणारा गडी या दोन ठिकाणी अडकला, तर त्याचं अख्खं वर्ष वाया जातं. म्हणून बारावीनंतर कॉलेजकडून खेळू इच्छिणाऱ्या पैलवानांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही सगळी माहिती एकत्र देत आहोत.

आधी बघा, तुमचं कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं?

जिल्ह्यातली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे या विद्यापीठाकडं येतात. म्हणजे तुमची पहिली मोठी लढत या चार जिल्ह्यांतल्या पैलवानांशी असते.

पण सगळ्यांचं विद्यापीठ एकच नाही. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून खेळतो. कृषी कॉलेजचा विद्यार्थी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून खेळतो. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या परीक्षा विद्यापीठ घेत नाही, त्यामुळं तिथल्या मुलांना विद्यापीठाच्या संघाचा रस्ता नाही.

अकरावी-बारावीबाबत कायम गोंधळ होतो. इमारत तीच, सर तेच, पण ज्युनिअर कॉलेजची मुलं शालेय क्रीडा स्पर्धेत १९ वर्षांखालील गटात खेळतात. त्यांचा मार्ग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा क्रीडा खात्यामार्फत जातो.

पायऱ्या किती?

पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिथल्या कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. पुढची पायरी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. ती भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, या संस्थेमार्फत होते. त्यात वरच्या क्रमांकावर आलेल्यांना खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं. ही स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाली आणि त्यात कुस्ती पहिल्यापासून आहे.

लक्षात ठेवा, विद्यापीठाच्या संघात एका वजनगटात एकच पैलवान जातो. दुसरा आलेला कितीही तगडा असला तरी त्याला घरीच थांबावं लागतं. म्हणून कोणत्या वजनात उतरायचं, हा निर्णय हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा.

कोण खेळू शकतो?

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठीचे मुख्य नियम असे :

- विद्यार्थी नियमित, पूर्णवेळ शिकणारा हवा. नुसतं नाव घालून ठेवलेलं चालत नाही.
- अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा आणि परीक्षा विद्यापीठाची हवी.
- त्या वर्षीच्या १ जुलैला वय १७ ते २५ च्या दरम्यान हवं.
- ज्या परीक्षेवर पदवीला पहिला प्रवेश मिळाला, म्हणजे बहुतेकांची बारावी, ती पास होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ गेलेला नसावा.
- एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं.
- पूर्णवेळ नोकरीवर असलेल्याला विद्यार्थी म्हणून उतरता येत नाही.

१ जुलैची अट नीट समजून घ्या. समजा एखाद्याला २० जूनला २५ वर्षं पूर्ण झाली, तर त्या वर्षी तो बाद. दुसऱ्याला २० जुलैला होणार असतील, तर तो पूर्ण हंगाम खेळू शकतो. फरक फक्त महिन्याचा. आठ वर्षांच्या अटीत गॅप घेतलेली वर्षंसुद्धा मोजली जातात, तेव्हा दोन वर्षं शिक्षण सोडून तालमीत राहिलेल्यांनी हिशोब आधीच करावा.

कुस्ती महासंघाच्या स्पर्धांमध्ये वय वेगळ्या पद्धतीनं मोजतात. तिथं जन्मवर्ष धरतात आणि १७, २०, २३ वर्षांखालील असे गट असतात. दोन्ही ठिकाणी कागद मात्र एकच जुळला पाहिजे. जन्मदाखला, आधार आणि दहावीच्या सनदेवर तारीख वेगवेगळी असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. वय कमी दाखवायच्या नादाला लागू नका. बनावट जन्मदाखल्यांच्या कारणावरून महासंघानं २०२५ मध्ये पैलवानांना निलंबित केलं आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्याला जातात. स्पर्धांची तयारी, अर्ज आणि निवड याच दिवसांच्या आगेमागे येतात. मुलगा फडात आणि फॉर्म कॉलेजात, अशी गत होऊ देऊ नका. गाव सोडण्याआधी कॉलेजच्या क्रीडा संचालकांना भेटा, पात्रता अर्जावर सही करून ठेवा आणि फोटो, बारावीचा मार्कमेमो, प्रवेशाची पावती व आधारची झेरॉक्स त्यांच्याकडं द्या. घरचा किंवा गावातला चालू राहणारा मोबाईल नंबरही देऊन ठेवा. हजेरीचा प्रश्न येणार असेल तर प्राचार्यांना आधीच सांगितलेलं बरं.

वजनगट कोणते?

पुरुष फ्रीस्टाईल : ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७, १२५ किलो.
पुरुष ग्रीको-रोमन : ५५, ६०, ६३, ६७, ७२, ७७, ८२, ८७, ९७, १३० किलो.
महिला फ्रीस्टाईल : ५०, ५३, ५५, ५७, ५९, ६२, ६५, ६८, ७२, ७६ किलो.

हे जागतिक कुस्ती संघटनेचे गट आहेत. ऑलिम्पिकला प्रत्येक प्रकारात यातले सहाच असतात. यंदाच्या स्पर्धेला कोणते गट आहेत ते परिपत्रकात बघून घ्या.

वजनगटाचं महत्त्व काय, ते आपल्याच पाटोदा तालुक्यातल्या राहुल आवारे यांच्याकडं बघून कळतं. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५७ किलोत सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्यांनी ब्राँझ घेतलं, ते ६१ किलोत. ६१ किलो हा ऑलिम्पिकचा गट नाही, पण जागतिक पदक ते जागतिक पदकच.

काट्यावर हरू नका

७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ सगळ्या देशाला आठवते. पॅरिस ऑलिम्पिकची फायनल गाठलेल्या विनेश फोगाट यांचं वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरलं आणि त्या स्पर्धेतूनच बाद झाल्या. पुढच्या वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत ऑलिम्पिक पदकविजेता अमन सेहरावत १.७ किलो जास्त भरला. तोही बाद झाला.

म्हणून घरच्या किंवा किराणा दुकानातल्या काट्यावर विसंबू नका. शेवटच्या दोन दिवसांत पाणी बंद करून, रेक्झिनचे कपडे घालून वजन उतरवणं तर जिवावर बेततं. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असं वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान मेले. त्यानंतर तिथं रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. तीन-चार किलो कमी करायचे असतील तर महिनाभर आधी सुरुवात करा. तेवढा वेळ नसेल तर वरच्या गटात उतरा.

पावडर-गोळ्यांबद्दलही तेच. शरीरात काय सापडलं, याला जबाबदार पैलवान स्वतः असतो. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादव यांना २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर चार वर्षांची बंदी बसली. दुकानदारानं दिलेला बिनलेबलचा डबा घेऊच नका.

रँकिंग कुठं बघायचं?

हा प्रश्न पोरं नेहमी विचारतात. अमेरिकेत कॉलेज कुस्तीची क्रमवारी हंगामभर निघते. तिथल्या अंतिम स्पर्धेला दहा वजनगटांत प्रत्येकी ३३ पैलवान पात्र ठरतात आणि क्रमवारीतले वरचे सुरुवातीलाच एकमेकांना भिडू नयेत म्हणून त्यांना वेगवेगळ्या बाजूला ठेवतात. आपल्याकडं कॉलेजच्या पैलवानांची अशी हंगामभराची क्रमवारी निघत नाही. त्यामुळं पहिल्याच फेरीत तगडा गडी समोर येऊ शकतो. मागच्या वर्षीचं नाव कामाला येत नाही, त्या दिवशीची कुस्ती येते.

मग पदकाचा अंदाज कसा बांधायचा?

पहिलं, वजनगटात किती जण आहेत ते बघा. आठ असतील तर सुवर्णासाठी तीन कुस्त्या जिंकाव्या लागतात, १६ असतील तर चार, ३२ असतील तर पाच. दमाची तयारी त्या हिशोबानं करा.

दुसरं, ड्रॉमध्ये तुमच्या बाजूला कोण आहे ते बघा. तुम्हाला हरवणारा फायनलला गेला तर तुम्हाला रेपेचाजमधून ब्राँझसाठी परत संधी मिळते. तेव्हा हरल्यावर लगेच बॅग भरू नका. नाव पुकारल्यावर हजर नसाल तर ती संधीही जाते.

तिसरं, गुणांचा हिशोब. कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. फ्रीस्टाईलमध्ये दहा आणि ग्रीको-रोमनमध्ये आठ गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. बरोबरी सुटत नाही. गुण सारखे झाले तर आधी मोठ्या गुणाचा डाव कोणाचा ते बघतात, मग ताकीद कमी कोणाला, आणि तेही सारखं असेल तर शेवटचा गुण कोणाचा. मातीतल्या पैलवानाला रिंगणाबाहेर पाय जाण्याचं काही वाटत नाही, पण मॅटवर त्याचा एक गुण समोरच्याला मिळतो. अशाच एका गुणानं कुस्ती जाते.

चौथं, संघाचं विजेतेपद. जागतिक संघटनेच्या तक्त्यात पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, दोन्ही ब्राँझवाल्यांना १५ आणि पाचव्या क्रमांकाच्या दोघांना १० गुण असतात. म्हणजे दोन ब्राँझचे ३० गुण एका सुवर्णाच्या पुढं जातात. ज्या कॉलेजकडं एकच मल्ल भारी आहे, त्यापेक्षा सगळ्या वजनात गडी उतरवणारं कॉलेज ढाल घेऊन जातं, ते यामुळंच. देशपातळीवर हरियाणाच्या विद्यापीठांचं पारडं जड असतं, त्यामागं दर वजनात असलेली ही गर्दी आहे.

प्रमाणपत्र सांभाळा

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतल्या कोणत्या क्रमांकावर कोणत्या गटाचं पद मिळतं, हे १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमध्ये दिलेलं आहे. आवारे पोलीस उपअधीक्षक झाले ते आंतरराष्ट्रीय पदकांवर, पण शिपाई-लिपिकापर्यंतच्या भरतीतही या आरक्षणाचा उपयोग होतो.

अट एकच, क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी झालेली हवी. भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करू नका, प्रमाणपत्र हातात पडलं की लगेच अर्ज करा. स्पर्धा कोणत्या संघटनेची, हेही बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात धाराशिव आणि पुण्याजवळच्या फुलगाव इथं दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी झाल्या. खेळायच्या आधी मान्यतेची खात्री केलेली बरी.

हे आत्ताच करा

- प्रवेश पक्का झाला की आठवडाभरात क्रीडा विभागात नाव नोंदवा.
- तिन्ही कागदांवरची जन्मतारीख जुळवा.
- प्रमाणित काट्यावर वजन करून वस्तादांसोबत गट ठरवा.
- आठवड्यातून दोन दिवस तरी मॅटवर सराव करा. गावात मॅट नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्हा क्रीडा संकुलात चौकशी करा.
- विद्यापीठाचं क्रीडा परिपत्रक मोबाईलवर सेव्ह करून ठेवा. नियमात बदल झाला तर त्यातलाच शब्द अंतिम.