आधुनिक मुष्टियुद्धातील श्रेष्ठत्वाचा वाद : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

आधुनिक काळातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, हा प्रश्न पाश्चात्त्य क्रीडापत्रकारितेत शंभराहून अधिक वर्षे चर्चिला जात आहे. जो लुई की मुहम्मद अली, रॉकी मार्सियानो की जॅक जॉन्सन, अशा जोड्या लावून हा वाद घातला जातो आणि त्याचा निवाडा बहुधा जय-पराजयाच्या आकड्यांवर सोपविला जातो. प्रस्तुत लेखाचा रोख या आकड्यांकडे आहे. ते कोणी नोंदविले, कोणते सामने झाले आणि कोणते होऊ दिले गेले नाहीत, याचा विचार केल्यावाचून या वादातील कोणत्याही विधानास ऐतिहासिक मूल्य प्राप्त होत नाही.

नोंदींचे स्वरूप :

१८६७ मध्ये इंग्लंडमध्ये क्वीन्सबेरी नियमावली प्रसिद्ध झाली. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एका मिनिटाची विश्रांती आणि खाली पडलेल्यास उठण्यासाठी दहा सेकंदांची मुदत या गोष्टी तिने रूढ केल्या. उघड्या मुठींची परंपरा मात्र लगेच संपली नाही. जॉन एल. सलिव्हन व जेक किलरेन यांच्यातील ७५ फेऱ्यांचा सामना १८८९ मध्ये मिसिसिपी राज्यात जुन्याच पद्धतीने झाला.

नोंदींचा गोंधळ पुढे वाढतच गेला. न्यूयॉर्क राज्यात १९११ ते १९१७ या काळात लागू असलेल्या कायद्याने मुष्टियुद्धास परवानगी दिली, परंतु गुणांवर निकाल देण्यास मनाई केली. दोघेही अखेरपर्यंत उभे राहिले तर अधिकृतरीत्या कोणीच जिंकत नसे. विजेता कोण हे दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे ठरवीत आणि दोन वृत्तपत्रांचे मत नेहमी एकच असे असेही नाही. नॅट फ्लायशर यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या 'द रिंग' या मासिकाने या विस्कळीत सामग्रीला शिस्त लावण्याचा मोठा प्रयत्न केला. तथापि १९७७ मध्ये त्याच प्रकाशनाच्या नोंदींमध्ये काही खेळाडूंच्या नावावर खोटे विजय घातले गेल्याचे उघड झाले आणि त्या नोंदींवर आधारलेली दूरचित्रवाणीवरील स्पर्धा थांबवावी लागली. ज्या साधनाला अनेक वर्षे प्रमाण मानले गेले, त्याची ही अवस्था होती.

वर्णरेषा आणि न झालेले सामने :

तथापि खोट्या नोंदींपेक्षा अनुपस्थित नोंदी अधिक महत्त्वाच्या आहेत. सलिव्हन याने कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी लढणार नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. पीटर जॅक्सन हा त्या काळातील अत्यंत कुशल हेवीवेट मुष्टियोद्धा. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जेम्स कॉर्बेट याच्याशी तो ६१ फेऱ्या लढला आणि सामना अनिर्णित राहिला. पुढच्याच वर्षी सलिव्हनला हरविण्याची संधी कॉर्बेटला मिळाली, जॅक्सनला कधीच मिळाली नाही. १८९८ मध्ये जेम्स जेफ्रीज याने उतरणीला लागलेल्या जॅक्सनला तिसऱ्या फेरीत हरविले. नोंदवहीत आज हा जेफ्रीजचा एक विजय म्हणून दिसतो. विजेता झाल्यावर याच जेफ्रीजने वर्णरेषा पाळली आणि तो १९०५ मध्ये अपराजित म्हणून निवृत्त झाला.

२६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता ठरला. त्याला नमविण्यासाठी जेफ्रीजला निवृत्तीतून परत आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे पंधराव्या फेरीत जेफ्रीज हरला. निकालाची वार्ता पसरताच अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. १९१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घातली. १९१३ मध्ये मॅन कायद्याखाली जॉन्सनला दोषी ठरविण्यात आले. या शिक्षेबद्दल त्याला राष्ट्राध्यक्षांची क्षमा मिळाली ती २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.

येथे जॉन्सनचीही बाजू सोडता कामा नये. सॅम लँगफर्ड या वजनाने बऱ्याच हलक्या मुष्टियोद्ध्याला त्याने १९०६ मध्ये हरविले होते. परंतु विजेतेपद हाती आल्यावर लँगफर्डला त्याने पुन्हा संधी दिली नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात पैसा अधिक होता. लँगफर्ड हेवीवेट जगज्जेतेपदासाठी कधीच लढू शकला नाही आणि उत्तरायुष्यात अंधत्व व दारिद्र्य त्याच्या वाट्यास आले. १९१९ ते १९२६ या काळातील विजेता जॅक डेम्प्सी व हॅरी विल्स यांच्यात १९२५ मध्ये करार होऊनही सामना झाला नाही. १९१५ मध्ये जॉन्सन हरल्यापासून १९३७ मध्ये जो लुई विजेता होईपर्यंत, म्हणजे २२ वर्षे, हेवीवेट पदाच्या लढतीत एकाही कृष्णवर्णीयाला उतरू दिले गेले नाही. सलग २५ वेळा विजेतेपद राखणाऱ्या लुईलाही गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला हरविल्यावर आनंद न दाखविण्याची ताकीद त्याच्या व्यवस्थापकांनी दिली होती. डेम्प्सीच्या कालखंडास सुवर्णयुग म्हणणाऱ्यांनी या बावीस वर्षांचा हिशेब द्यावयास हवा.

संगणकाचा निकाल :

अलीच्या बाबतीत रिकामी जागा वेगळ्या कारणाने निर्माण झाली. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने सैन्यभरती नाकारली. त्याचे विजेतेपद व परवाना काढून घेण्यात आला आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून सुमारे साडेतीन वर्षे तो रिंगणाबाहेर राहिला. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा एकमताने रद्द केली. गेलेली वर्षे मात्र न्यायालय परत देऊ शकत नव्हते. १९७४ मध्ये किन्शासा येथे जॉर्ज फोरमनला हरविणारा अली त्या वर्षांपूर्वीच्या अलीइतका चपळ नव्हता. तो फटके सोसून जिंकला.

याच सक्तीच्या विश्रांतीच्या काळात अमेरिकेत मरे वोरोनर या निर्मात्याने संगणकाच्या साहाय्याने सर्वकालीन विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा नभोवाणीवर सादर केली. तीत अलीला जेफ्रीजकडून पराभूत दाखविण्यात आले. ज्याने विजेता असताना कृष्णवर्णीयांना पदाच्या लढतीपासून दूर ठेवले आणि जॉन्सनशी लढावे लागल्यावर जो हरला, त्यालाच यंत्राने अलीपेक्षा श्रेष्ठ ठरविले. अलीने दावा दाखल केला. तडजोड म्हणून मार्सियानोसमवेत चित्रपटरूपातील सामना ठरला. १९६९ मध्ये दोघांनी कॅमेऱ्यासमोर अनेक छोट्या फेऱ्या खेळल्या व एकापेक्षा अधिक शेवट चित्रित करण्यात आले. ४९ पैकी ४९ सामने जिंकलेला मार्सियानो ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात मरण पावला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांतून दाखविलेल्या आवृत्तीत तेराव्या फेरीत अली खाली पडतो. त्या वेळी प्रत्यक्ष अलीला कोणत्याही व्यावसायिक सामन्यात कोणी हरविलेले नव्हते, आणि लढण्याचा परवानाही त्याच्याजवळ नव्हता.