तीन औषधे आणि त्यांच्या जोड्या

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग यकृतात वा फुफ्फुसात पसरला, की बहुतेक रुग्णांची भिस्त केमोथेरपीवर असते. या उपचाराचा पाया 1957 मध्ये घातला गेला. उंदरांच्या यकृतातील गाठी युरॅसिल हे द्रव्य निरोगी ऊतींपेक्षा अधिक वापरतात, असे आढळले होते. त्यावरून विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर यांना युरॅसिलमध्ये फ्लोरिनचा अणू बसवण्याची कल्पना सुचली आणि फाइव्ह-एफयू हे औषध जन्मले. ते डीएनएचा एक घटक तयार करणाऱ्या विकराला जखडून ठेवते.

पुढची सुमारे चार दशके या रोगावर त्याच्या तोडीचे दुसरे औषध नव्हते. त्यामुळे संशोधकांनी ते देण्याची रीतच बदलून पाहिली. त्याचा परिणाम वाढवणाऱ्या ल्युकोव्होरिनची जोड दिल्यावर गाठ लक्षणीय आकसणाऱ्या रुग्णांचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 23 टक्क्यांवर गेल्याचे 1992 च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. आयुष्य मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. पॅरिसमध्ये एमेरिक द ग्रामों यांनी दर पंधरवड्याला दोन दिवस औषध संथपणे शिरेतून देण्याची पद्धत बसवली. 1997 च्या तुलनात्मक चाचणीत तिने गाठी अधिक आकसल्या आणि त्रासही कमी झाला. ही सुधारणा साधी वाटते, पण पुढच्या बहुतेक जोड्या तिच्यावरच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या औषधाचा धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. नंदुरबारमध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले आणि 1966 मध्ये त्याची रचना जाहीर केली. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही हेच द्रव्य असते आणि त्यापायी त्याची बेसुमार तोड झाली. मूळ द्रव्याच्या चाचण्या मूत्राशयातील रक्तस्रावासारख्या दुष्परिणामांमुळे थांबल्या. पुढे जपानमध्ये त्यापासून पाण्यात विरघळणारे इरिनोटेकॅन तयार झाले. तिसरे औषध ऑक्झॅलिप्लॅटिन. तेही जपानचेच: नागोयात योशिनोरी किदानी यांनी 1976 मध्ये शोधलेले, पण फ्रान्समध्ये वाढलेले.

सन 2000 मध्ये या दोन्ही औषधांच्या फाइव्ह-एफयूसोबतच्या जोड्यांचे निकाल आले. इरिनोटेकॅन जोडल्यावर युरोपातील चाचणीत मध्यक आयुष्य 14.1 वरून 17.4 महिन्यांवर गेले. ऑक्झॅलिप्लॅटिनच्या जोडीने, म्हणजे फोलफॉक्सने, रोग आटोक्यात राहण्याचा काळ 6.2 वरून 9 महिन्यांवर नेला.

मग दोहोंत सरस कोणती? 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत फोलफॉक्स घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 19.5 महिने, तर इरिनोटेकॅनची जुनी जोडी घेणाऱ्यांचे 15 महिने भरले. पण ही लढत सारखी नव्हती. जुन्या जोडीत फाइव्ह-एफयू झटपट टोचले जाई, फोलफॉक्समध्ये संथपणे दिले जाई. शिवाय फोलफॉक्सनंतर इरिनोटेकॅन सहज मिळत होते. उलट बाजूच्या बऱ्याच रुग्णांना मात्र ऑक्झॅलिप्लॅटिन मिळालेच नाही, कारण अमेरिकेत त्याला 2002 पर्यंत मान्यता नव्हती.

खरा उलगडा त्याच वर्षीच्या फ्रेंच चाचणीने केला. 220 रुग्णांपैकी काहींना आधी संथ पद्धतीची इरिनोटेकॅन जोडी, म्हणजे फोलफिरी, आणि रोग वाढल्यावर फोलफॉक्स दिले. बाकीच्यांना उलट क्रमाने. मध्यक आयुष्य 21.5 आणि 20.6 महिने आले, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने समान. त्याच वर्षी अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातही दिसले, की तिन्ही औषधे जितक्या अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली, तितके मध्यक आयुष्य वाढले.

म्हणून पहिली जोडी निवडताना दुष्परिणामांना वजन आले. ऑक्झॅलिप्लॅटिनने हातापायांना मुंग्या येतात, थंड पाण्याचा स्पर्शही सोसवत नाही आणि बधिरपणा काही जणांत कायम राहतो. इरिनोटेकॅनने तीव्र जुलाब होतात आणि केस गळतात. बोटांचे कसब ज्याच्या पोटाशी जोडलेले आहे, अशा कारागिराला हा फरक आयुष्याच्या आकड्याइतकाच मोलाचा असतो. 2007 मध्ये इटलीतील संशोधकांनी तिन्ही औषधे एकदम देऊन 16.7 च्या जागी 22.6 महिन्यांचे मध्यक आयुष्य नोंदवले. त्यात पांढऱ्या पेशी फार घटत असल्याने हा मार्ग धडधाकट रुग्णांसाठीच राखला गेला.