ड्रोनचा क्लाइंब रेट म्हणजे काय? टेकडीवर ऑटो मिशन लावण्याआधी हे वाचा

आज ड्रोनच्या एका आकड्याबद्दल बोलू, जो मी स्वतः बरेच दिवस बघितलाच नव्हता.

क्लाइंब रेट म्हणजे ड्रोन एका सेकंदात सरळ वर किती मीटर चढतो. अर्डूपायलटवर चालणाऱ्या माझ्या ड्रोनमध्ये मिशनसाठीचं मूळ सेटिंग सेकंदाला 2.5 मीटर होतं. उतरण्याचं त्याहून कमी, 1.5 मीटर. कारण जोरात सरळ खाली येताना ड्रोन स्वतःच खाली ढकललेल्या खवळलेल्या हवेत शिरतो, पंख्यांची उचल कमी होते आणि तो डगमगतो.

आता गणित बघा. गावामागच्या टेकडीवर मी दोन पॉइंट टाकले. अंतर 200 मीटर, चढ 80 मीटर, पुढे जायचा वेग सेकंदाला 10 मीटर. मला वाटलं, 20 सेकंदांत काम होईल. पण 80 मीटर चढायलाच 32 सेकंद लागतात! अर्डूपायलट दोन पॉइंटमधली तिरकी सरळ रेषा सोडत नाही, त्यामुळे तो पुढचा वेगच 6 मीटरच्या आसपास आणतो. म्हणजे बॅटरीचा हिशोब तिथेच चुकला.

खरी चूक मात्र वेगळी होती. दोन्ही पॉइंट जमिनीपासून 30 मीटर वर होते, म्हणून मी निर्धास्त. टेकडी मध्ये फुगीर आहे हे लक्षातच आलं नाही. अर्ध्या वाटेत रेषा 70 मीटरवर, जमीन 65 मीटरवर, आणि त्यावर जांभळाचं झाड. ड्रोन फांदीत घुसला आणि खाली मोबाईलवर शूटिंग करत उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावापासून दोन हातांवर पडला. पंखे तेव्हाही फिरत होते. आईला अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर मी चढावर दर 30-40 मीटरला पॉइंट टाकतो आणि गूगल अर्थवर त्या रेषेचा उंचीचा आलेख काढून बघतो. टेरेन फॉलो चालू केलं तरी झाडांची उंची वेगळी धरायची. उंचीचा डेटा बहुतेक 30 मीटरच्या चौकोनांचा असतो, एकटं झाड त्यात नीट दिसत नाही. आणि हो, मिशनमधली उंची साधारणपणे टेकऑफच्या जागेपासून मोजतात, ड्रोनखालच्या जमिनीपासून नाही.

रिटर्न टू होमची उंचीही तपासा. अर्डूपायलटमध्ये ती मुळात फक्त 15 मीटर असते. ड्रोन टेकडीपलीकडे कमी उंचीवर असताना सिग्नल तुटला, तर तो तेवढाच वर येऊन सरळ घराकडे निघतो, मध्ये डोंगर असला तरी. वाटेतल्या सर्वांत उंच झाडाच्या किमान 20 मीटर वर ती ठेवा.

डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये आहे का तेही बघा. तिथे मर्यादा 400 फूट, म्हणजे 120 मीटर. आणि पहिल्या फेरीला मार्गाखाली कुणालाही उभं करू नका, शूटिंगसाठी तर नाहीच.