दारावरची थाप



मध्यरात्री कुणी दार ठोठावून तुम्हाला झोपेतून उठवू लागला तर? आजच्या उत्तर प्रदेशातील खरकसिंग नावाच्या इसमावर हा प्रसंग वारंवार येई. १९४१ साली त्याच्यावर दरोड्याचा आरोप आला. पण पुरावा न मिळाल्याने त्याची सुटका झाली. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाची नोंद ठेवली आणि रात्री-अपरात्री शिपाई व चौकीदार त्याच्या दारी येत राहिले. अखेर त्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९६२ साली न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरविल्या. परंतु खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे बहुमताने मान्य केले नाही. न्या. सुब्बा राव यांनी मात्र खाजगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक भाग होय, असे वेगळे मत नोंदविले.

तो विचार मान्य व्हायला पंचावन्न वर्षे लागली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेविरुद्ध २०१२ साली अर्ज केला. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरविले. २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे.

वाचकहो, हा इतिहास आज का सांगतो? दहावीच्या निकालानंतर माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी आनंदाच्या भरात तिची गुणपत्रिका मोबाइलवरून सर्वत्र पाठविली. तीवर बैठक क्रमांक होता, आईचे नाव होते. दोनच दिवसांत फोन आला, "शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे." बोलणाऱ्याने सारा तपशील बिनचूक सांगितला आणि ओटीपी मागितला. मुलगी सावध होती. तिने फोन ठेवला. खरकसिंगाच्या दारावर निदान थाप तरी पडत असे. मोबाइलचे दार आपणच उघडे टाकतो.

कुणाच्या घरी गेल्यास आधी सलाम करावा, परवानगी मिळाली तरच आत जावे, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवितो. हीच अदब मोबाइलवरही पाळा. मित्राचे छायाचित्र त्याला विचारल्यावाचून पुढे पाठवू नका. ओटीपी व पासवर्ड कुणालाही सांगू नका. एखादे ॲप तुमच्या फोनमधील सारे नंबर मागत असेल, तर ते कशाला हवेत याचा आधी विचार करा. आणि पालकांनो, मुलांचे निकाल व फोटो पाठविण्यापूर्वी त्यांनाही एकदा विचारा. त्यांच्या हक्काची पहिली राखण घरातूनच व्हावयास हवी.