रॉकेलचा डबा

आपल्या आदिलाबादच्या बाजारात एकाच वस्तूला अनेक नावे चालत आली. आपण रॉकेल किंवा घासलेट म्हणतो, तेलुगू शेजारी किरसनायिलु म्हणतात, उर्दू बोलणारे मिट्टी का तेल. रॉकेल म्हणजे इंग्रजांचे 'रॉक ऑइल', खडकातले तेल. आमच्या होमिओपॅथीच्या पेटीतही ते 'पेट्रोलियम' या नावाने बसले आहे. हिवाळ्यात हातापायांना भेगा पडल्या की ते देण्याचा आमच्याकडे प्रघात. पूर्वी दिवा जळे तो एरंडेलावर नाहीतर करडईच्या तेलावर, म्हणजे शेतातल्याच पिकावर. खडकातले तेल मात्र फार दुरून आले.

रशियन साम्राज्यात कास्पियन समुद्राकाठी बाकूला ते निघे. 1883 साली बाकूहून काळ्या समुद्रावरच्या बाटुमी बंदरापर्यंत रेल्वे झाली. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल यांनी 1892 साली 'म्युरेक्स' या टाकीच्या जहाजात बाटुमीचे रॉकेल भरून ते सुएझ कालव्यातून पूर्वेकडे धाडले. तोवर तेल डब्यांत भरून, लाकडी खोक्यांत बसवून येई. सुटे आणले तर खर्च वाचेल, गिऱ्हाईक आपले भांडे घेऊन येईल, असा त्यांचा हिशेब. तो फसला. लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता! अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलचा निळा डबा घरोघरी पोचला होता. शेवटी सॅम्युएलनी पत्रा पाठवून पूर्वेकडेच लाल डबे करवून घेतले. लंडनच्या पेढीला बायाबापड्यांनी व्यापार शिकवला, तो असा. आपल्या जुन्या वाड्यांतही हा चौकोनी डबा रिकामा म्हणून कोणी टाकला नाही. आडवी दांडी ठोकली की पाण्याला, झाकण बसवले की डाळ-ज्वारीला, आणि कापून सपाट केला की गोठ्याच्या छपराला.

सॅम्युएल यांची शेल आणि 1886 साली स्थापन झालेली बर्मा ऑइल यांनी 1928 साली मिळून भारतासाठी 'बर्मा शेल' काढली. स्वातंत्र्यानंतर तिने मुंबईजवळ माहूलला तेलशुद्धीकरण कारखाना उभारला. 1955 साली तो चालू झाला.

खरा पेच पडला 1960 साली. रशियाने कच्चे तेल स्वस्तात, तेही रुपयांच्या मोबदल्यात देऊ केले. केशवदेव मालवीय तेव्हा तेलखात्याचे मंत्री. बर्मा शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स, तिघींनीही ते तेल शुद्ध करायला नकार दिला. कारखाने आपल्या भूमीवर, पण त्यांत कोणाचे तेल घालायचे ते परक्यांनी ठरवायचे! शेलचा पाया तर रशियन रॉकेलवरच रचलेला. त्याची आठवण तिला कोणी करून दिली असेल असे वाटत नाही. कच्चे नाही तर तयार तेल आणू, असे सरकारने ठरवले. 1959 साली स्थापन झालेल्या सरकारी इंडियन ऑइलसाठी 'उझगोरोद' हे जहाज 11,390 टन डिझेल घेऊन 17 ऑगस्ट 1960 रोजी मुंबईच्या पिरपाव धक्क्याला लागले.

पुढे 24 जानेवारी 1976 रोजी सरकारने बर्मा शेल ताब्यात घेतली आणि 1977 साली तिला भारत पेट्रोलियम हे नाव मिळाले. माहूलचा कारखाना जागच्या जागी राहिला. 1974 साली बॉम्बे हायला तेल लागलेच होते. ते आपल्या समुद्रातले तेल त्यात येऊ लागले.