सक्तीच्या सिनेमाला मिळालेली उत्तरे

डचांनी इंडोनेशियाची सत्ता सोडून जेमतेम पाच वर्षे होत आली होती, तेव्हा उस्मार इस्माईल यांनी आपल्या नव्या देशाला एक अडचणीचा प्रश्न विचारला. १९५४ च्या ‘लेवात जाम मालाम’चा नायक इस्कंदर हा स्वातंत्र्यलढ्यातला सैनिक. लढाई संपवून तो बांडुंगला परततो. पण नोकरीत, मित्रांत, मेजवानीत कुठेच त्याचा जीव रमत नाही. गुनावान या वरिष्ठाच्या हुकमावरून त्याने एका निर्वासित कुटुंबाला हेर समजून ठार केले होते. ती माणसे निर्दोष होती आणि त्यांच्याच ऐवजावर गुनावानने आपला धंदा उभारला, हे त्याला आता कळते. इस्माईल स्वतः त्या लढ्यात सैन्यात होते. परक्या राज्यकर्त्यांचा जुलूम दाखवणे तेव्हा सोपे होते. त्यांनी आपल्या माणसांचा दाखवला.

त्याच पिढीतले बाख्तियार सियागियान डाव्या विचारांच्या ‘लेक्रा’ या सांस्कृतिक संघटनेतले. त्यांचा ‘तुरांग’ १९६० च्या राष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला. पाचच वर्षांनी सगळे उलटले.

१ ऑक्टोबर १९६५ च्या पहाटे जाकार्तात सहा जनरल आणि एक तरुण लष्करी अधिकारी यांचे अपहरण करून त्यांना मारण्यात आले. लष्कराने कम्युनिस्ट पक्षाला दोषी ठरवले. पुढच्या काही महिन्यांत जावा, बाली, सुमात्रा येथे किमान पाच लाख माणसांची कत्तल झाली. लाखो लोक खटल्याविना तुरुंगात गेले. सियागियान यांची रवानगी बुरू बेटावरच्या बंदिवासात झाली आणि त्यांचे बहुतेक चित्रपट नाहीसे झाले.

या कत्तलीनंतर जनरल सुहार्तो सत्तेवर आले. त्यांच्या राजवटीत पटकथा आधी सरकारला दाखवावी लागे आणि तयार झालेला चित्रपट पुन्हा सेन्सॉरपुढे जाई. पण ही राजवट फक्त कात्री चालवून थांबली नाही. तिने स्वतःचा चित्रपट काढला. अरिफिन सी. नूर यांच्यासारख्या कसलेल्या दिग्दर्शकाकडून तिने १९८४ मध्ये १९६५ च्या त्या रात्रीवर साडेचार तासांच्या आसपासचा चित्रपट करून घेतला. शाळेतल्या मुलांना वर्गच्या वर्ग थिएटरात नेले जाई. पुढे दर ३० सप्टेंबरला तो दूरचित्रवाणीवर दाखवला जाऊ लागला. त्यात कम्युनिस्ट बंडखोर जनरलांचे हालहाल करतात, डोळे काढतात. मृतदेहांच्या शवविच्छेदनाच्या अहवालांत अशा विटंबनेचा मागमूस नव्हता, आणि ते शवविच्छेदन सुहार्तो यांच्याच आदेशाने झाले होते. मारल्या गेलेल्या लाखोंना मात्र त्या साडेचार तासांत जागा नव्हती. एका पिढीने आपला इतिहास असा पाठ केला. सिनेमाचा याहून क्रूर वापर क्वचितच कोणी केला असेल.

मे १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले आणि त्या सप्टेंबरात हे प्रसारण थांबले. लवकरच गारिन नुग्रोहो यांनी ‘पुइसी ताक तरकुबुरकान’ केला. त्यात आचे प्रांतातल्या ताकेंगोनचा एक तुरुंग आहे, १९६५ सालचा. इब्राहिम कादिर हे दिदोंग ही स्थानिक लोकगीते गाणारे कवी तिथे चुकून डांबले गेले होते. ते स्वतःचीच भूमिका करतात. कोठडीतून रोज कोणाला तरी नेले जाते आणि उरलेले गातात. कत्तल पडद्यावर जवळजवळ दिसत नाही, तरी तो सरकारी भपका त्यापुढे फिका पडतो.

त्याच कत्तलीवर उत्तर सुमात्रात अमेरिकन दिग्दर्शक जोशुआ ओपनहायमर यांनी ‘जागल’ (२०१२) आणि ‘सेन्याप’ (२०१४) चित्रित केले. पहिल्यात मेदानमधले मारेकरी आपली कृत्ये फुशारकीने पुन्हा करून दाखवतात. सिनेमाच्या तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्या गुंडांतूनच त्यांतले काही जण आले होते. दुसऱ्यात आदी हा चष्मे बनवणारा माणूस भावाला मारणाऱ्यांच्या घरी जातो, त्यांची नजर तपासता तपासता शांतपणे प्रश्न विचारतो. कोणी चिडतो, कोणी आडून धमकावतो, एका मारेकऱ्याची मुलगी माफी मागते. ‘जागल’च्या श्रेयनामावलीत इंडोनेशियन सहदिग्दर्शकासह कितीतरी जणांच्या जागी नुसते ‘निनावी’ असे आहे. ज्या देशात मारेकरी कॅमेऱ्यासमोर नाव सांगून बोलतात, तिथे त्यांचे चित्रण करणाऱ्यांना नाव लपवावे लागले. ‘सेन्याप’ला सेन्सॉर मंडळाने सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी नाकारली, तरी विद्यार्थी आणि स्थानिक गटांनी तो गावोगाव दाखवला. काही ठिकाणी खेळ बंद पाडले गेले.

हा झगडा संपलेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये योसेप आंगी नून यांचा ‘इस्तिराहातलाह काता-काता’ इंडोनेशियातल्या चित्रपटगृहांत आला. कामगारांच्या बाजूने लिहिणारा, १९९८ पासून बेपत्ता असलेला कवी विजी थुकुल त्याचा नायक. सुहार्तो राजवटीपासून पोंतियानाकमध्ये लपून राहिलेला, धास्तावलेला, बायको-मुलांपासून तुटलेला थुकुल त्यात दिसतो. त्याच वर्षी सप्टेंबरात सशस्त्र दलांचे प्रमुख गातोत नुर्मान्त्यो यांनी १९८४ चा तो सरकारी चित्रपट पुन्हा दाखवण्याचे आदेश सैन्याला दिले.